नकार देण्याचें बळ

गरिबाच्या हातीं रोख पैसा पडला कीं तो आळशी होतो, हा सिद्धान्त आमच्या सुशिक्षित वर्गांत वेदवाक्याप्रमाणें मानला जातो. वडिलोपार्जित वाड्याच्या भाड्यावर जगणारे गृहस्थ तो सर्वांत अधिक तावातावानें मांडतात, ही त्यांतील गंमत!

जालन्याच्या रहिवाशानें तरी हा सिद्धान्त मुकाट्यानें गिळूं नये. ता. ८ मे २०२० रोजीं पहाटे करमाडजवळ रुळांवर निजलेले १६ मजूर मालगाडीखालीं चिरडले गेले. ते येथल्याच पोलादाच्या कारखान्यांत राबत. टाळेबंदींत काम थांबलें तेव्हां मध्य प्रदेशांतील आपल्या गांवीं जाण्यासाठीं ते पायीं निघाले होते. त्यांना आळशी कोण म्हणेल? काम थांबल्यावर येथें टिकून राहण्याचा आधार तेवढा त्यांच्यापाशीं नव्हता.

वि. स. पागे यांच्या कल्पनेंतून निघालेली रोजगार हमी महाराष्ट्रानें १९७७ सालीं कायद्यांत बसविली. कार्य थोर खरें. पण ती हमी खेड्यापुरती. शहराच्या झोपडपट्टींत आलेला मजूर तिला मुकतो. २०२४ सालच्या ‘लाडकी बहीण’ योजनेनें स्त्रियांना दरमहा १५०० रुपये देऊं केले, हें स्वागतार्हच. परंतु तिलाही राज्यांतील रहिवासाची अट आहे. परमुलुखांतून येऊन येथलें पोलाद वितळविणाऱ्याच्या कुटुंबास तिचा उपयोग काय?

शिवाय हा प्रश्न केवळ दारिद्र्याचा नाहीं, जातीचाही आहे. शहरांतील गटारें उपसण्याचें काम कोणत्या जातींच्या वांट्यास येतें, हें का सांगावयास पाहिजे? मैला हातानें उपसविण्यास २०१३ च्या कायद्यानें बंदी केली. पण उद्यांची भाकर ज्या कामावर अवलंबून आहे, तें नाकारण्याचें बळ नुसत्या कायद्यानें येत नाहीं. तें गांठीच्या पैशानें येतें. राजकीय समतेशेजारीं सामाजिक व आर्थिक विषमता नांदूं दिली तर विषमतेनें पिडलेले लोकच लोकशाहीचा डोलारा उधळून देतील, असें डॉ. आंबेडकरांनीं २५ नोव्हेंबर १९४९ रोजीं घटनासमितीस बजावलें होतें.

रोख मदतीनें जात नाहींशी होईल, असा आमचा दावा नाहीं. शाळा, घर आणि मान यांची जागा पैसा घेत नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, शहरांत राबणाऱ्या प्रत्येक गरीब कुटुंबास, जन्मगांव न विचारतां, दरमहा ठराविक रक्कम हक्कानें मिळावी. मग हलकीं कामें करावयास स्वस्तांत माणसें मिळणार नाहींत, अशी ओरड होईल. होऊं द्या! आळसाच्या त्या सिद्धान्तामागें दडलेली खरी भीति तीच आहे.