टाकाऊ कोण, टिकाऊ कोण

चौदा एप्रिलच्या आदल्या रात्री वाडीत झेंडे बांधत होतो. पोरगी खाली शिडी धरून उभी. मंडळाचा एक कार्यकर्ता आला. नाव घेत नाही, माणूस आपलाच आहे, भाषणं चांगली करतो. म्हणाला, "झेंडा नंतर बांध. आधी पोरीच्या हातातला हातोडा काढ. बाबासाहेबांनी घाण टाकायला लावली, तू ती उचलून घरात आणतोस. समाजाला काय तोंड दाखवायचं आम्ही?" पोरीच्या हातात त्या वेळी हातोडा नव्हता, शिडी होती. पण ते सोडा.

आरोप चारचौघांत झालाय, तर उत्तरही चारचौघांत देतो. भंगारावर लिहितोय म्हणून नाक मुरडू नका दोस्तहो, नाक मुरडणारे गावात आधीच पुष्कळ आहेत.

मी मोटार रिवायंडिंग करणारा माणूस. पुण्यात दुसऱ्याच्या दुकानात राबलो, २०२० च्या टाळेबंदीत दुकान बसलं आणि मी हिर्डोशीला परत आलो. आता आसपासच्या शेतकऱ्यांचे जळलेले पंप भरून देतो. दर रविवारी मी, अकरा वर्षांची पोरगी आणि आठ वर्षांचा पोरगा भंगार गोळा करायला निघतो. भोर-महाड रस्त्याच्या कडेनं, निरा-देवघर धरणाच्या फुगवट्याच्या काठानं, कुणाच्या परड्यातून विचारून. बंद पंखे, जळके मिक्सर, सायकलीचं फ्रीव्हील, मेलेला रेडिओ. उन्हाळ्यात पाणी मागं सरलं की गाळात जुन्या दारांचे कोयंडे, बिजागऱ्या मिळतात. धरणाखाली घरं गेली, माणसं उठून कुठं कुठं गेली, कोयंडा राहिला. हिरडस मावळ म्हटलं की लोकांना बाजीप्रभू आठवतो. ह्या कोयंड्याची दारं कुणाची होती ते कुणाला आठवत नाही.

मग पडवीत गोणपाट टाकायचं आणि उघडत बसायचं. पहिला नियम असा की पान्ह्याला हात लावायच्या आधी वस्तूवरची पट्टी मोठ्यानं वाचायची. २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, इतके वॅट. पोरगी विचारते, पन्नास हर्ट्झ म्हणजे काय पप्पा? सेकंदाला पन्नास फेऱ्या, तुझ्या घरातली वीज सेकंदाला पन्नास वेळा पुढं-मागं होते. ती डोळे मिटून एक सेकंद मोजते. हे तिच्या पुस्तकात अजून आलेलं नाही, येईल तेव्हा तिला ते ओळखीचं असेल. पोराकडं लोहचुंबक असतं. चिकटलं तर लोखंड, नाही चिकटलं तर खरडून बघ. लाल निघालं तर तांबं, पिवळं निघालं तर पितळ, पांढरं आणि हलकं निघालं तर जर्मन. स्वस्तातल्या पंख्यात हल्ली तांब्याऐवजी ॲल्युमिनियमची तार भरतात, वरचा लेप तांब्यासारखाच दिसतो, ब्लेड फिरवलं की खोटेपणा उघडा पडतो. पोराला ह्यात भारी मजा वाटते. आता तो वाडीतल्या मोठ्या माणसांनाही ब्लेडनं खरडून बघायची भाषा करतो.

छताचा पंखा पहिल्यांदा उघडला त्या दिवशी पोरगी गप्प झाली. पंपाच्या मोटारीत मधलं फिरतं, बाहेरचं जागेवर राहतं, हे तिनं पाहिलेलं. पंख्यात उलटं. मधली वायंडिंग जागची हलत नाही, बाहेरचं भांडंच पात्यांसकट गरगरतं. "म्हणजे ह्याला उलटं बसवलंय पप्पा." उलटं बसवलं तरी चालतं हे तिला कुणी सांगितलं नाही, तिनं पाहिलं. बाप-लेकीत असा क्षण किती वेळा येतो हो? माझ्या बापानं मला कधी काही उघडून दाखवलं नाही. त्याच्याकडे उघडायला वेळ नव्हता, विकायला होता.

आता दुसऱ्या बाजूचं ऐका. पावसाळा सरला की रविवारी वरंधा घाटाकडं गाड्या जातात. एक गाडी थांबली. बाईसाहेब उतरल्या, पोरांचा मोबाईलवर व्हिडिओ काढला. किती छान, म्हणाल्या, आमच्या मुलांना हे शिकवायला आम्ही पैसे भरून शिबिराला पाठवतो. कोणत्या गावच्या, आडनाव काय, तेही विचारलं. आडनाव कळल्यावर व्हिडिओ बंद झाला. दुसरं काही बोलल्या नाहीत. त्यांच्या मुलानं शाळेत डबा कापून पेन ठेवायचं भांडं केलं की कार्यानुभवात गुण मिळतात, त्याला म्हणतात टाकाऊपासून टिकाऊ. तोच डबा आपल्या पोराच्या हातात असला की ते भंगार आणि पोर भंगारवाल्याचं. डबा तोच. हातानं काम करत शिका हे १९३७ साली वर्ध्याला मोठ्या थाटात सांगितलं गेलं. आम्ही हातानंच जगत होतो की बाबांनो, तुम्ही आमच्या हातात पाटी द्यायची राहिली होती.

म्हणजे एकीकडं श्रमाला फुलं वाहणारे, दुसरीकडं श्रमाची लाज धरणारे आपले. मला दोघांचाही वीट आलाय. पण आपल्यांशी भांडण मोठं, कारण त्यांच्या बोलण्यात खरं आहे.

खरं काय ते सांगतो. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांसाठी लिहून ठेवलंय: राहायचं गावाबाहेर, कापड मेलेल्याच्या अंगावरचं, जेवायचं फुटक्या भांड्यात आणि दागिना लोखंडाचा. म्हणजे भंगार ही आमची हजारो वर्षांची लिखित मालमत्ता. माझा आजा येसकरी करायचा, मेलेलं ढोर ओढायचा, त्याच्या घरात चांगली भांडी अशी कधी आलीच नाहीत. आमचा घाट उतरला की बिरवाडी आणि पुढं महाड. तिथं २५ डिसेंबर १९२७ ला बाबासाहेबांनी ते पुस्तक जाळलं. त्याच वर्षी मार्चमध्ये चवदार तळ्यावर जायच्या आधी त्यांनी आपल्या माणसांना मेलेलं खाणं सोडा, हलकी गावकी सोडा म्हणून बजावलं. महारवतनं कायद्यानं जायला १९५८ साल उजाडलं. हे सगळं मला ठाऊक आहे. मंडळाच्या भाषणातून नव्हे, घरातून ठाऊक आहे.

कारण माझी आई पुण्यात कचरा वेचायची. पहाटे पोतं घेऊन निघायची, पेठांतल्या कचरापेट्या उपसायची. कुत्री, काचा, पोलिसाचा दांडका. १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, बाबा आढाव होते त्यात, आणि आईला छातीवर लावायला ओळखपत्र मिळालं. त्या पंचायतीतल्या बहुतेक बाया आपल्याच समाजांतल्या. ह्याच बायांची पुढं 'स्वच्छ' संस्था झाली आणि २००८ साली महापालिकेला दारोदारच्या कचऱ्यासाठी त्यांच्याशी करार करावा लागला. हे थोडं काम नाही. ओळखपत्राआधी आई चोर होती, नंतर कामगार झाली. पण मी पाचवीत होतो तेव्हा तिच्या पोत्यातली एक पितळी तोटी मला आवडली. फिरवली की आत काहीतरी सरकायचं, ते बघायचं होतं. दप्तरात टाकून शाळेत नेली. गुरुजींना सापडली. शाळेचं नाव लिहीत नाही. मला बाकावर उभं करून विचारलं, कुणाच्या घरची चोरलीस? पोरं नाक दाबून हसली. आई आली, तिनं माफी मागितली, न केलेल्या चोरीची, आणि घरी येऊन मला पोत्याच्या काठीनं मारलं. "तुझा हात पेनासाठी हाय. परत ह्याला शिवलास तर हात तोडीन."

तोटी आतून कशी असते ते मला पुढं दहा वर्षांनी कळलं, पगारी नोकर म्हणून.

म्हणून कार्यकर्त्याला मी ओरडून गप्प करू शकतो, आईला करू शकत नाही. ती आता हिर्डोशीत आमच्याकडंच असते. नातीला पडवीत हातोडा घेऊन बसलेली पाहिलं त्या दिवशी ती जेवली नाही. म्हणाली, "आरं, ह्याच्यापायी मी उकिरडं उपसलं व्हय? तुझ्या हातात पडू नये म्हणून उपसलं. आन् तू नातीच्या हातात देतूस?" मला उत्तर देता आलं नाही. आजही पुरतं येत नाही. जेवढं येतं तेवढं लिहितो.

२०१० साली दिल्लीत मायापुरीच्या भंगार बाजारात एक यंत्र आलं. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागाचं, वर्षानुवर्षं बंद पडलेलं, लिलावात फुंकलेलं. आत कोबाल्ट-६० होतं, किरणोत्सारी. भंगारातल्या माणसांनी ते कापलं, वाटलं. अंग भाजली, केस गळले, एकजण मेला. आता बघा. विद्यापीठात वाचता येणारे ढीगभर होते, पण हे मढं आतून काय आहे ते बघायचे कष्ट न घेता त्यांनी विकून टाकलं. बाजारात उघडता येणारे होते, त्यांच्यापर्यंत अक्षर पोचलेलं नव्हतं. वाचणारा एका वाड्यात, उघडणारा दुसऱ्या वाड्यात, मध्ये भिंत. ही भिंत कुणी बांधली ते ह्या पानांच्या वाचकाला सांगायची गरज नाही. मरतो मात्र उघडणाराच.

माझी पोरगी पट्टी वाचते आणि मगच स्क्रू फिरवते. दोन्ही एकाच हातानं. मी तिला भंगारात घालतोय म्हणणाऱ्यानं एक रविवार पडवीत येऊन बसावं. बाबासाहेब १९४२ साली व्हाइसरॉयपुढं गाऱ्हाणी घेऊन गेले तेव्हा अस्पृश्य मुलांना विज्ञान आणि तंत्रशिक्षणासाठी शिष्यवृत्त्या द्या म्हणून त्यांनी मागितलं. ते मजूरमंत्री होते, त्यांनी वीज, धरणं, कारखाने हाताळले. आपल्या मंडळांच्या भाषणांत सूट-बूट, पेन आणि पुस्तक येतं, वीज कधी येत नाही. यंत्राशी आपली ओळख झाडू मारण्यापुरती ठेवायची असं कुणी ठरवलंय?

पण मी आंधळा नाही. बालकामगार कायद्यात २०१६ ला दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवायला बंदी झाली, झकास. मात्र शाळा सुटल्यावर आणि सुट्टीत घरच्या धंद्यात मदत करायला मोकळीक, धंदा धोक्याचा नसला की झालं. घरचा धंदा! ह्या देशात घरचा धंदा जन्माआधी ठरतो, आणि त्यातला धोका कोण मोजतो? सरकारची एक शिष्यवृत्ती वर्षानुवर्षं 'अस्वच्छ व्यवसाय' करणाऱ्यांच्या मुलांसाठी म्हणून चालली. पैसे हवेत, तर आपला बाप अस्वच्छ असल्याचा दाखला पोरानं घेऊन जायचा. ह्या फटीतून जात परत घरात शिरते, गुपचूप, मदतीचा हात म्हणून.

म्हणून आमच्या पडवीत नियम कडक आहेत. पोरं काट्यावर जाणार नाहीत. भंगारवाला काटा कसा मारतो ते मी तोंडी शिकवीन, पण त्यांच्या हातचा एक खिळाही विकला जाणार नाही. ज्या दिवशी त्या पैशावर मीठ आणावं लागेल त्या दिवशी हे बंद. वायर जाळून तांबं काढायचं नाही, त्या प्लास्टिकचा धूर विषारी असतो, सुरीनं सोलायची. सुरी मी धरतो. गाडीची बॅटरी, ट्यूबलाइट, सीएफएल, फ्रीजचा कॉम्प्रेसर, जुन्या टीव्हीची काच ह्यांना शिवायचं नाही. एकात शिसं नि आम्ल, एकात पारा, एकात दाबलेला वायू. कपॅसिटर आधी मी मोकळा करणार. पायात बूट. आणि कंटाळा आला तर उठून जायचं, कुणी अडवणार नाही. पोरगा दोनदा उठून गेला, क्रिकेट खेळायला. मी काही बोललो नाही. आईला असं उठून जायची मुभा कधी नव्हती.

गेल्या महिन्यात आई पहिल्यांदा पडवीत येऊन बसली. लांबच बसली. पोरीनं पंखे-मोटारींतलं तांबं एका डालड्याच्या डब्यात साठवलंय, चार-पाच महिन्यांचं. आईनं डबा उचलला, हातात वरखाली केला आणि म्हणाली, "दोन किलोला छटाकभर कमी." पोरीनं दुकानातला काटा आणून लावला. बरोबर. डबा वजा करून बरोबर. "आज्जी, तुला कसं कळलं?" आईनं डबा खाली ठेवला, पदराला हात पुसले आणि आत गेली. नंतर मला एवढंच विचारलं, ह्या आठवड्यात भाव काय हाय. मी म्हणालो, विकायचं नाहीये आई. ती म्हणाली, "ठावं हाय. भाव इचारला."

येत्या पौर्णिमेच्या बैठकीत माझा विषय ठेवलाय असं कळतं. येतो. पोरीलाही आणतो. एक बंद पंखा नि दोन पाने बरोबर असतील. ज्याला बोलायचंय त्यानं आधी पट्टी वाचावी.