ढोलीतला संसार

मालेगावच्या आयाबहिणींनो, बंधूंनो, उन्हाळ्यात जुन्या वडा-पिंपळांकडे जरा लक्ष द्या. लांब बाकदार चोचीचा, शेपटीसकट दोन फूट भरणारा राखाडी पक्षी दिसला, तर तो धनेश समजा. आपल्या विदर्भातलाच रहिवासी आहे.

एप्रिल ते जूनच्या सुमारास मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि चिखल व विष्ठेने दार लिंपून घेते. उघडी राहते ती फक्त एक फट. आत ती अंडी उबवते. त्याच काळात तिची उडायची पिसे गळतात. नर वड, पिंपळ, उंबराची फळे आणून तिला आणि पुढे पिलांनाही त्या फटीतून भरवतो.

म्हणजे एक नर मारला की अख्खे घर उपाशी पडते! सांधेदुखीवर धनेशाचे तेल विकणाऱ्यांच्या नादी लागू नका. त्या तेलाला शास्त्राचा आधार नाही, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला बंदी आहे. गुडघे दुखत असतील तर दवाखाना गाठा.

पोकळ झाड म्हणजे नुसते जळण नव्हे. कुऱ्हाड लावण्याआधी ढोलीकडे पाहा. आत बाळंतीण असेल.