मोळी उचलणारा मुलगा

‘श्यामची आई’ म्हटले की बहुतेकांचा हात आधी रुमालाकडे जातो. ते पुस्तक लिहिणारे साने गुरुजी म्हणजे हळवे, चटकन डोळे भरून येणारे मास्तर, असा समज घराघरांत पक्का बसला आहे. त्यामुळे गुरुजींमधला धीट माणूस मात्र झाकला गेला, याचे मला वाईट वाटते.

1 मे 1947 रोजी हा माणूस पंढरपुरात उपोषणाला बसला. मागणी एकच, विठ्ठलाचे मंदिर अस्पृश्यांना खुले करा. त्याआधी काही महिने गुरुजी गावोगाव हिंडले, सभा घेतल्या, पाणवठे आणि देवळे मोकळी करा म्हणून लोकांना विनवले. पंढरीतला विरोध कडवा होता. अशा वेळी तनपुरे महाराजांनी आपला मठ दिला. मग गांधीजींची तार आली, उपोषण सोडा. ज्यांच्या हाकेवर गुरुजींनी नोकरी सोडली, तुरुंगवास पत्करला, त्यांचा हा शब्द मात्र त्यांनी मानला नाही. दादासाहेब मावळंकरांनी मध्यस्थी केली, मंदिराचे पुजारी बडवे राजी झाले आणि दहाव्या दिवशी उपोषण सुटले. अस्पृश्य म्हणून बाहेर ठेवलेल्या संत चोखोबांची समाधी ज्या महाद्वारासमोर आहे, ते दार उघडायला शतके लागली.

हे बळ कुठून आले? गुरुजींची विठ्ठलावर श्रद्धा होती, आणि ती खरी होती म्हणूनच त्यांना दारावरचा पहारा सहन झाला नाही. ज्याला देव नकोच आहे तो देवळाकडे पाठ फिरवून मोकळा होतो. ज्याला हवा आहे तो उंबऱ्यावर बसून राहतो. श्रद्धा माणसाला भित्रे करते असे म्हणणाऱ्यांनी पंढरपूरचे ते दहा दिवस जरूर आठवावेत.

श्रद्धेला सेवेची जोड होती. अमळनेरच्या छात्रालयात गुरुजी मुलांच्या खोल्या झाडत, कपडे धूत, आजारी मुलाच्या उशाशी रात्र रात्र बसत. दुसऱ्याचे मळलेले कपडे धुताना कमीपणा न वाटणारा माणूस पुढे लोकांच्या शिव्यांनीही डगमगत नाही. आपली प्रतिष्ठा त्याने आधीच बाजूला ठेवलेली असते.

आणि तिसरी जोड गोष्टींची. 1933 साली नाशिकच्या तुरुंगात, अवघ्या काही दिवसांत, गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहून काढली. त्यातला पोहण्याचा प्रसंग पाहा. विहिरीची धास्ती घेतलेला श्याम माळ्यावर लपतो. आई त्याला शोधून काढते, शिंपटीने झोडपते आणि पोहायला पाठवते. तिला मारायची हौस नव्हती. आपल्या मुलाला उद्या कुणी भित्रा म्हणू नये, हीच तिची तळमळ होती. दुसऱ्या एका प्रसंगात एका म्हाताऱ्या महारणीची मोळी डोक्यावरून पडली आहे आणि शिवाशिवीच्या भीतीने कुणी हात लावत नाही. आई श्यामला सांगते, जा, तिची मोळी उचलून दे आणि मग आंघोळ कर.

त्या आंघोळीपाशी मी प्रत्येक वाचनात थांबते. काहींना ती खटकते, आणि खटकायलाच हवी. पण कोकणातल्या त्या काळच्या ब्राह्मण घरातली ती बाई रूढीला जेवढे ओलांडू शकत होती, तेवढे तिने ओलांडले. उरलेले अंतर मुलाने, म्हणजे पुढे गुरुजी झालेल्या श्यामने, कापले. गुरुजींच्या गावी, पालगडच्या गल्लीत मोळीला लागलेले हात पुढे पंढरीच्या महाद्वारापर्यंत गेले. गोष्टीतून धैर्य असे पुढच्या पिढीकडे जाते. म्हणून आईचे मोठेपण सांगताना ती आंघोळ गाळू नये.

आणखी एक गोष्ट लपवून चालणार नाही. 11 जून 1950 रोजी गुरुजींनी स्वतःच आपले जीवन संपवले. त्यावरून त्यांना दुबळे ठरवणारे मला मान्य नाहीत, आणि त्या शेवटाला त्यागाची झळाळी देणारेही नाहीत. धीट माणूससुद्धा आतून थकतो. गावात, वस्तीत, रुग्णालयात दुसऱ्यांचे दुःख वाहणारे कार्यकर्ते आपण पाहतो, त्यांना हार घालतो, पण तुम्ही कसे आहात, झोप लागते का, एवढेही विचारत नाही. त्यांचे धैर्य टिकवणे हे बाकीच्यांचे काम आहे.

सुट्ट्या लागल्या आहेत. घरी ‘श्यामची आई’ असेल तर पोहण्याचा आणि मोळीचा, हे दोन प्रसंग लागोपाठ मुलांना वाचून दाखवा. मग 1947 सालच्या पंढरपुरात काय घडले ते तुमच्या शब्दांत सांगा. आणि ओळखीतला एखादा कार्यकर्ता बरेच दिवस गप्प असेल, तर आजच त्याच्या घरी जाऊन या.