दोष आईच्या पदरात का?

चार वर्षांचे मूल बोलत नाही, हाकेला ओ देत नाही, एकच खेळणे तासन् तास फिरवीत बसते. अशा वेळी आपल्या जळगाव-धुळ्याकडील कुटुंबांतून पहिली विचारणा होते ती बहुधा आईला. गरोदरपणी तिने काय केले? नोकरीपायी मुलाकडे दुर्लक्ष तर झाले नाही?

हा केवळ अडाणीपणा आहे असे समजण्याचे कारण नाही. एके काळी शास्त्रही हेच विचारीत असे. बाल्टिमोरच्या डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांची निरीक्षणे प्रसिद्ध करून स्वमग्नतेला वैद्यकशास्त्रात स्थान मिळवून दिले. ही अवस्था जन्मजात असावी असे त्यांनी म्हटले खरे. परंतु पालकांच्या थंड स्वभावाकडेही बोट दाखविले. ब्रुनो बेटेलहाइम यांनी १९६७ च्या आपल्या ग्रंथात त्याच आरोपाला बळ दिले. वस्तुतः बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः अशा मुलाचा पिता होता, १९६४ मध्येच हे मत खोडून काढले होते. १९७७ साली जुळ्या भावंडांच्या अभ्यासाने आनुवंशिकतेचा पुरावाही पुढे आणला. तरीही एका पिढीतील मातांना हा कलंक सोसावा लागला.

१९९० नंतर स्वमग्न व्यक्ती स्वतःच बोलू लागल्या. मेंदूची घडण निराळी असणे म्हणजे ती बिघडलेली असणे नव्हे, हा त्यांचा युक्तिवाद आज ‘न्यूरोडायव्हर्सिटी’ या नावाने ओळखला जातो. अर्थात, काहींना जन्मभर आधार लागतो, हे त्यामुळे खोटे ठरत नाही. उलट, तो आधार हा उपकार नसून हक्क ठरतो.

आपल्या कायद्यानेही हळूहळू का होईना, हेच मान्य केले. १९९५ च्या अपंगविषयक कायद्यात स्वमग्नतेचे नावही नव्हते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिची दखल घेतली आणि २०१६ च्या कायद्याने २१ अपंगत्वांत तिचा समावेश केला. प्रमाण किमान ४० टक्के असलेल्या मुलांना ६ ते १८ वर्षे वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क मिळाला. सरकारी नोकऱ्यांतील ४ टक्के राखीव जागांपैकी १ टक्का मात्र स्वमग्नांना इतर अनेक गटांबरोबर वाटून घ्यावा लागतो.

परंतु हक्क कागदावर आला म्हणजे खर्च घरातून सरकला, असे होत नाही. वाचा-उपचारासाठी नाशिक किंवा पुणे गाठणाऱ्या कुटुंबाचे एस.टी.चे भाडे आणि बुडालेली मजुरी कोण मोजतो? मुलासाठी आईने सोडलेली नोकरी हा अर्थशास्त्राच्या भाषेत संधी खर्च होय. कोणत्याही अंदाजपत्रकात तो दिसत नाही. म्हणूनच तो फुकट आहे असा शासनाचा आणि समाजाचाही समज होतो.

साने गुरुजींनी अमळनेरच्या शाळेत शिकविले आणि ‘श्यामची आई’ लिहून मातृत्वाला घराघरांत वंदनीय केले. त्याच खानदेशात आईची पूजा करावयाची आणि मूल निराळे निघाले की तिलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करावयाचे, ही विसंगती आपल्याला शोभत नाही. दोन्ही जिल्ह्यांच्या ठिकाणी आणि तालुक्याच्या गावीही ठरलेल्या वारी प्रशिक्षित उपचारक भेटले पाहिजेत. शिक्षकांनी अशा मुलाचे नाव केवळ हजेरीपटावर न ठेवता त्याला वर्गात जागा करून द्यावी. आणि प्रमाणपत्राच्या टेबलावरील कारकुनाने समोरच्या मातेला ‘उद्या या’ म्हणण्यापूर्वी ती कोठून आली आहे, एवढे तरी विचारावे.