फ्यूज आधी, उजेड नंतर

उद्यमबागेच्या शेजारी दवाखाना असल्याचा एक लाभ असा की, हातांनी काम करणाऱ्या माणसांविषयीचा आदर आपोआप अंगी मुरतो. फाउंड्रीतील मोल्डर, लेथवरील टर्नर, वायरमन हे माझ्या बालरुग्णांचे पालक. त्यांच्या सहवासात आपणही काहीतरी स्वतः करावे, ही हौस मला पन्नाशीनंतर जडली आणि एका रविवारी मी माझ्या गाडीत एलईडी दिव्यांची पट्टी बसवली. त्या उद्योगात माझ्याकडून दोन चुका घडल्या. हा छंद आज घरोघरी शिरला असल्याने त्या येथे कबूल करीत आहे.

पहिली चूक वायरिंगची. पट्टीच्या बारीक वायरी मी लायटरच्या सॉकेटमागील तारांना नुसता पीळ देऊन जोडल्या आणि वर काळी टेप गुंडाळली. पुढच्याच आठवड्यात चोर्ला घाटात जळका वास आला. उष्णतेने टेप सुटून उघडी तार धातूला लागली होती. गाडी कडेला घेऊन बॅटरीची तार काढली, म्हणून निभावले. दुसऱ्या दिवशी एका वायरमन पालकाने ते काम पाहिले आणि शांतपणे सांगितले, "डॉक्टर, फ्यूज दिव्यासाठी नसतो, वायरीसाठी असतो."

वैद्यकाच्या सगळ्या पदव्या असूनही हे एक वाक्य मला ठाऊक नव्हते. सॉकेटचा मूळ फ्यूज 15 अँपिअरचा. माझी वायर त्याच्या कितीतरी आधी तापून वितळणार, हे उघड होते. नेहमीच्या एक मीटर पट्टीला सुमारे 14 वॅट लागतात, म्हणजे 12 व्होल्टला जेमतेम सव्वा अँपिअर. इंजिन चालू असता दाब 14 व्होल्टपर्यंत जातो आणि प्रवाहही वाढतो. तरी अशा पट्टीला 3 अँपिअरचा स्वतंत्र फ्यूज पुरतो. तो वीज जेथून घेतली तेथेच, अगदी जवळ बसवावा. कामापूर्वी बॅटरीची ऋण तार सोडावी. जोड थिंबल दाबून अथवा डाग देऊन करावा, त्यावर उष्णतेने आकसणारी नळी चढवावी. वीज किल्ली फिरवल्यावरच मिळणाऱ्या जागेतून घ्यावी, अन्यथा सकाळी बॅटरी उतरलेली आढळते. छताला आधार देणाऱ्या खांबांच्या आवरणात वायर खुपसू नये, कारण अनेक गाड्यांत तेथे एअरबॅग असते. पिवळ्या कनेक्टरना तर हातच लावू नये. आणि रात्री गाडी चालवताना हे दिवे बंद ठेवावेत. अंधाराला सरावण्यास डोळ्यांना वीस-तीस मिनिटे लागतात. निळा-पांढरा उजेड ती कमाई क्षणात घालवतो.

दुसरी चूक मात्र माझ्या व्यवसायाला लाज आणणारी होती. पट्टीसोबत आलेला चिमुकला रिमोट मी मागील सीटवर टाकून ठेवला. एके दिवशी भाचीची तीन वर्षांची मुलगी त्याच्याशी खेळताना दिसली. झाकण उघडे, सेल नाहीसा. पुढचा पाऊण तास मी डॉक्टर नव्हतो, केवळ भेदरलेला आजोबा होतो. तातडीने क्ष-किरण चित्र काढले. ते निर्दोष निघाले. सेल नंतर पायपुसण्याखाली सापडला.

हा सेल बहुधा सीआर 2025 असतो. 20 मिलिमीटर व्यास, अडीच मिलिमीटर जाडी, 3 व्होल्ट. लहान मुलाच्या अन्ननलिकेत तो नेमका अडकतो. ओलसर आवरणातून प्रवाह वाहू लागतो, ऋण बाजूस तीव्र अल्कली तयार होते आणि दोन तासांतच गंभीर भाजणे सुरू होते. दिवा न पेटवणारा "संपलेला" सेलही हे करू शकतो. लक्षणे फसवी असतात: लाळ गळणे, खोकला, अन्न नाकारणे. चित्रात तो नाण्यासारखा दिसतो. कडेचे दुहेरी वलय पाहिल्याशिवाय नाणे म्हणून सोडू नये.

पालकांनी उलटी करवू नये, क्ष-किरण व दुर्बिणीची सोय असलेल्या रुग्णालयाकडे तत्काळ निघावे. मूल एक वर्षाहून मोठे असेल, गिळून बारा तास झाले नसतील आणि त्याला गिळता येत असेल, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध द्यावा, सहा वेळांपर्यंत. परंतु मधासाठी थांबू नये. इतर काही खाऊ-पिऊ घालू नये.

मग हे सारे मेकॅनिककडूनच का करून घेऊ नये, असे कोणी विचारील. जरूर घ्यावे, पण तेथेही फ्यूज कोठे आहे, हे विचारावे. स्वतः करण्यास माझा विरोध नाही. जी वस्तू आपण घरात आणतो ती समजून घेण्याची तयारी मात्र हवी. माझ्या गाडीतील पट्टी आज साध्या बटणावर चालते, रिमोट केव्हाच काढून टाकला. व्यवसायबंधूंना एवढीच विनंती की, लाळ गाळणारे मूल समोर आले तर ताप-खोकल्यासोबत आणखी एक प्रश्न विचारावा: घरात किंवा गाडीत कोणता रिमोट उघडा सापडला आहे का?