धामणकर नाक्यावर आलेला फोन

नोव्हेंबर २०२४ च्या पहिल्या पंधरवड्यातील गोष्ट. विधानसभा निवडणुकीचा प्रचार रंगात आला होता. चिंचोटी-कामण-अंजूरफाटा मार्गावरील खड्डे चुकवीत आम्ही वसईहून कल्याणकडे निघालो होतो आणि भिवंडीत धामणकर नाक्यावर नेहमीप्रमाणे वाहतुकीत अडकलो. पुढे कापडाच्या गाठी लादलेले टेम्पो, बाजूला रिक्षांची दाटी, कर्ण्यांतून एकाच वेळी तीन उमेदवारांची प्रचारगीते. अशा गदारोळात आमचा भ्रमणध्वनी वाजला. एका स्त्रीचा ध्वनिमुद्रित आवाज हिंदीतून सांगत होता की, आपल्या मतदारसंघातील जनमत जाणून घेण्यासाठी हे सर्वेक्षण आहे. अमुक आघाडीसाठी एक दाबा, तमुक आघाडीसाठी दोन दाबा. आपण कोण, कोणासाठी विचारता, हे त्या आवाजाला विचारण्याची सोय नव्हती. आम्ही काहीच दाबले नाही. शेजारी बसलेला आमचा वाहनचालक मात्र हसून म्हणाला, "फादर, कुठलंही बटण दाबून टाकायचं. लवकर सुटका होते. मला तर दिवसाआड येतो."

प्रिय वाचकहो, त्या चालकाने दाबलेले 'कुठलेही बटण' पुढे कोठे गेले असेल, याचा विचार त्या दिवसापासून आमच्या मनात घोळत आहे. कदाचित सायंकाळी एखाद्या दूरचित्रवाणी वाहिनीवर तेच बटण 'जनतेचा कौल' होऊन झळकले असेल. कदाचित एखाद्या उमेदवाराच्या कार्यालयात भ्रमणध्वनी क्रमांकासह त्याची नोंद झाली असेल. या दोन शक्यतांपैकी दुसरी आम्हांस अधिक अस्वस्थ करते. तिच्याकडे आपण पुढे येऊच.

जनमत चाचणीचे शास्त्र खोटे नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. शितावरून भाताची परीक्षा करणे हे आपल्या आयाबहिणींना कोणी विद्यापीठात शिकविले नाही. एक हजार मतदार खऱ्या अर्थाने सरमिसळ पद्धतीने निवडले, तर शंभरांपैकी पंचाण्णव वेळा त्यांचे मत साऱ्या राज्याच्या मतापेक्षा तीन टक्क्यांहून फारसे इकडेतिकडे होत नाही, असे संख्याशास्त्र सांगते. भातेले लहान की मोठे याने फरक पडत नाही. भात नीट ढवळलेला असला म्हणजे झाले. सारा प्रश्न ढवळण्याचाच आहे. दूरध्वनीवरून घेतलेल्या चाचणीत पातेल्याच्या तळापर्यंत पळी पोहोचते काय?

या प्रश्नाचे जगप्रसिद्ध उत्तर १९३६ साली अमेरिकेत मिळाले. 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठविल्या. पत्ते घेतले होते ते मुख्यत्वे दूरध्वनी-पुस्तिकेतून आणि मोटारमालकांच्या याद्यांमधून. जवळजवळ चोवीस लाख उत्तरे आली आणि त्यांवरून साप्ताहिकाने लँडन निवडून येणार असे जाहीर केले. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांनी अठ्ठेचाळीसपैकी सेहेचाळीस राज्ये जिंकली. मंदीच्या त्या काळात ज्याच्या घरी दूरध्वनी व दारी मोटार तो सुखवस्तू, आणि सुखवस्तूंचे मत वेगळे होते. त्याच वेळी जॉर्ज गॅलप यांनी कितीतरी कमी माणसांना विचारून विजेता अचूक सांगितला. चोवीस लाख शिते हाती असूनही भात कच्चा की शिजलेला हे कळले नाही, कारण ती सारी वरच्या थरातली होती.

आज दूरध्वनी श्रीमंतांची मिरास राहिलेली नाही, हे खरे. धामणकर नाक्यावरच्या हमालाच्या खिशातही तो असतो. तरीही पळी तळापर्यंत पोहोचत नाही. भिवंडीचेच उदाहरण घ्या. या शहराचे पोट यंत्रमागांवर चालते. उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा येथून आलेला कामगार मागावर दीर्घ पाळी करतो. मागाच्या खडखडाटात शेजाऱ्याशी बोलायचे तर खुणेने बोलावे लागते; तेथे फोनवरील प्रश्नावली कोण ऐकणार? त्यातील अनेकांचे मत भिवंडीत नसून गावाकडे आहे, तर त्याच खोलीतील दुसऱ्याचे नाव येथील यादीत आहे. क्रमांकावरून काहीच ओळखता येत नाही, कारण २०१५ पासून देशभरात कोठेही जाताना तोच क्रमांक नेता येतो. नाक्याजवळच्या पद्मानगरात तेलंगणातून आलेल्या विणकरांची तेलुगू वस्ती आहे, पलीकडे उर्दू बोलणारे मोहल्ले आहेत, सभोवतालच्या गावांत आगरी बोली आहे. हिंदीतील एक ध्वनिमुद्रित आवाज या सर्वांना सारखाच आपला वाटेल काय?

आणि स्त्रिया? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) असे आढळले की, देशातील पंधरा ते एकोणपन्नास वयोगटातील सुमारे ५४ टक्के स्त्रियांकडेच स्वतः वापरण्याजोगा भ्रमणध्वनी आहे. म्हणजे जवळजवळ निम्म्या स्त्रियांपर्यंत हा प्रश्न पतीच्या वा मुलाच्या हातातून जातो, किंवा जातच नाही. सर्वेक्षण करणाऱ्या संस्था हे जाणतात व नंतर आकडेमोड करून स्त्रियांचे वजन वाढवितात. परंतु जी बाई बोललीच नाही तिचे मत, जी बोलली तिच्या मतावरून अनुमानित करणे, हे शेवटी अनुमानच राहते. 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजना २०२४ च्या मध्यास सुरू झाल्यानंतर स्त्रियांच्या मताची चर्चा प्रत्येक वाहिनीवर झाली. त्या चर्चेत किती स्त्रियांचा आवाज स्वतःच्या फोनवरून पोहोचला होता?

फोन न उचलण्याची सवय तर जगभर वाढत आहे. अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राने स्वतःच्या सर्वेक्षणांचा हिशेब जाहीर केला, तेव्हा १९९७ साली शंभरातील ३६ माणसे उत्तर देत होती, २०१८ साली केवळ ६. आपल्याकडे तर ओटीपी विचारून खाते रिकामे करणारे भामटे व 'डिजिटल अटके'ची धमकी देणारे तोतये यांच्यामुळे अनोळखी क्रमांक न उचलण्याचा सल्ला आपणच वृद्धांना देतो. तो योग्यच आहे. पण मग उत्तर देणारा तो सहावा माणूस उरलेल्या चौऱ्याण्णवांसारखाच असतो, असे कशावरून?

आता निकालांकडे वळू. २०२४ हे वर्ष या बाबतीत मोठे शिकवणारे ठरले. १ जूनच्या सायंकाळी बहुतेक मतदानोत्तर चाचण्यांनी राष्ट्रीय लोकशाही आघाडीला साडेतीनशेच्या पुढे, काहींनी चारशेपर्यंत जागा दिल्या. ४ जूनला मिळाल्या २९३. ऑक्टोबरमध्ये हरियाणात काँग्रेस येणार असे जवळजवळ सर्वांनी सांगितले. भाजपने नव्वदपैकी ४८ जागा जिंकल्या. नोव्हेंबरमध्ये महाराष्ट्रात बहुतेकांनी महायुतीला बहुमत दिले खरे, पण दोनशेच्या पुढे फारसे कोणी गेले नाही. महायुतीतील तीन मोठ्या पक्षांनाच मिळून २३० जागा मिळाल्या. यांतील सर्वच चाचण्या फोनवरच्या नव्हत्या, हे न्यायाने सांगितले पाहिजे. काही संस्था दारोदार जातात, आणि त्याही चुकल्या. तेव्हा सारा दोष दूरध्वनीच्या माथी मारण्यात अर्थ नाही.

खरी मेख टक्केवारीचे रूपांतर जागांमध्ये करताना आहे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत महाराष्ट्रात महाविकास आघाडी व महायुती यांच्या मतांत एका टक्क्याचाही फरक नव्हता. जागा मात्र ३० आणि १७. चाचणीची अंगभूत चूकच तीन टक्क्यांची, मग एक टक्का तिला दिसणार कसा? त्याच निवडणुकीत भिवंडीत सुरेश म्हात्रे यांनी कपिल पाटील यांचा सुमारे ६६ हजार मतांनी पराभव केला, आणि तिसऱ्या क्रमांकावरील अपक्षाला दोन लाखांहून अधिक मते पडली. सहा महिन्यांनी विधानसभेला एकाच शहरातील दोन शेजारी मतदारसंघांनी दोन दिशा धरल्या: भिवंडी पश्चिमेतून भाजपचे महेश चौघुले, तर पूर्वेतून समाजवादी पक्षाचे रईस शेख. याच पूर्व मतदारसंघात २०१९ साली निकाल दीड हजारांहूनही कमी मतांनी लागला होता. आपल्या वसईत २०२४ साली स्नेहा दुबे-पंडित यांनी हितेंद्र ठाकूर यांना हरविले ते ३,१५३ मतांनी. तिरंगी लढतीत दोन लाखांहून अधिक मते पडली होती. म्हणजे शंभरात फार तर दीड माणूस. राज्यभर तीस हजार फोन केले तरी २८८ मतदारसंघांत प्रत्येकी शंभरच्या आसपास येतात. त्या शंभरात हा दीड माणूस सापडावा कसा?

येथे आपल्या समाजाशी थेट संबंध असलेली एक बाब सांगणे आमचे कर्तव्य आहे. निवडणूक आली की 'ख्रिस्ती मतदारांचा कल' अशा मथळ्याचे तक्ते फिरू लागतात. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रातील ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे राज्याच्या एक टक्क्याहून किंचित कमी. हजार जणांच्या चाचणीत आपल्यापैकी येणार दहाच माणसे. दहा माणसांतील सहांनी एक उत्तर दिले म्हणून 'साठ टक्के ख्रिस्ती अमुक पक्षाकडे' असे लिहिणे हा शुद्ध पोरखेळ आहे. परंतु हा पोरखेळ निरुपद्रवी नाही. तो वाचून एक पक्ष आपल्याला गृहीत धरतो, दुसरा आपल्यावर काट मारतो, आणि वसईचा शेतकरी, पालघरचा आदिवासी ख्रिस्ती व मुंबईचा कारकून यांच्या वेगवेगळ्या गरजा एका रंगीत पट्टीत दबून जातात.

आता त्या बटणाच्या दुसऱ्या शक्यतेविषयी. लोकप्रतिनिधित्व कायदा मतदानोत्तर चाचण्या मतदान संपेपर्यंत प्रसिद्ध करू देत नाही, आणि मतदान संपण्यापूर्वीच्या ४८ तासांत कोणत्याही जनमत चाचणीचे निष्कर्ष दूरचित्रवाणीसारख्या माध्यमांवर दाखविण्यास बंदी आहे. हे योग्यच आहे. तथापि कायदा प्रसिद्धीला आवरतो. माझ्या फोनवर कोण विचारतो आहे आणि माझे उत्तर माझ्या क्रमांकासह कोठे साठविले जाते, हे मतदाराला कळत नाही. त्याच कायद्याने मतपत्रिका गुप्त ठेवली आहे. आपण कोणाला मत दिले हे सांगण्याची सक्ती न्यायालयही साक्षीदारावर करू शकत नाही. मतदानकक्षात पडदा लावायचा आणि खिशातल्या यंत्रातून तेच उत्तर अनोळखी माणसाच्या स्वाधीन करायचे, ही विसंगती आहे. जेथे वस्ती लहान व दादा मोठा, तेथे 'तू काय उत्तर दिलेस' हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नसतो.

मग कॅथोलिक श्रद्धावंताने अशा फोनला काय उत्तर द्यावे? हा प्रश्न आम्हांस मिस्सेनंतर अनेकांनी विचारला. 'खोटं सांगितलं तर पाप लागेल का, फादर?' असे एका वृद्ध गृहस्थांनी अगदी गंभीरपणे विचारले, आणि त्यांच्या गांभीर्याचा आम्हांस आदर वाटला. ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षण ग्रंथ या बाबतीत समतोल आहे. मतदानाचा हक्क बजावणे हे तो नैतिक कर्तव्य मानतो. सत्याच्या आठव्या आज्ञेखाली मात्र तो असेही शिकवितो की, ज्याला जाणून घेण्याचा अधिकार नाही त्याला सत्य सांगण्यास कोणी बांधलेला नाही. मौन हे असत्य नव्हे. विश्वासार्ह संस्थेचा माणूस स्वतःचे नाव व हेतू सांगून विचारत असेल तर खुशाल खरे सांगावे, किंवा नम्रपणे नकार द्यावा. मुद्दाम चुकीचे बटण दाबणे मात्र आम्हांस पसंत नाही. आमच्या चालकालाही आम्ही हेच सांगितले. त्याला ते कितपत पटले, देव जाणे.

जाता जाता एक आठवण. दावीद राजाने प्रजेची शिरगणती करविली तेव्हा यवाब सेनापतीने त्याला अडविण्याचा प्रयत्न केला होता. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात पुढची शोकांतिका आहे. मोजणी हे तेथे पाप का ठरले, यावर भाष्यकारांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. माणसे देवाने सोपविलेली आहेत हे विसरून राजा त्यांना आपली संपत्ती समजून मोजू लागला, हे स्पष्टीकरण आम्हांस जवळचे वाटते. धामणकर नाक्याजवळच पटेल कंपाउंडमधील जिलानी इमारत २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे कोसळून पस्तीसहून अधिक माणसे, त्यांत लहान मुलेही, झोपेत गाडली गेली. धोकादायक इमारतींत राहणाऱ्या त्या वस्तीला मतांसाठी फोन करणारे पुष्कळ आहेत. 'तुमच्या घराला तडे गेले आहेत का?' असे विचारणारा एकही ध्वनिमुद्रित आवाज अद्याप आमच्या ऐकिवात नाही.

त्याच ऑक्टोबरमध्ये आमच्याकडे काही उत्साही तरुण एक प्रस्ताव घेऊन आले होते. धर्मग्रामाच्या कुटुंब-नोंदवहीत सर्वांचे क्रमांक आहेत. आपणच फोन करून आपल्या लोकांचा कल काढू, म्हणजे बाहेरच्यांचे तक्ते खोटे पाडता येतील, असे त्यांचे म्हणणे. हेतू वाईट नव्हता. आम्ही नाही म्हटले. ते क्रमांक बाप्तिस्म्यासाठी, लग्नासाठी, रात्री-अपरात्री आजाऱ्याला तैलाभ्यंग देण्यासाठी लोकांनी विश्वासाने दिलेले आहेत. त्या विश्वासावर राजकीय प्रश्न लादण्याचा अधिकार आम्हांस नाही. मुले थोडी हिरमुसली. मग त्यांनी स्वतःच निवडणूक आयोगाची मतदारयादी घेतली आणि छोट्या ख्रिस्ती समूहांमधून दारोदार फिरून, कोणाचे नाव आहे व कोणाचे गळले, एवढेच पाहण्याचे ठरविले. नाव नोंदविण्याची मुदत संपायला थोडेच दिवस उरले होते, तरी काहींचे सहा क्रमांकाचे अर्ज भरून झाले. एका आजींचे नाव काही केल्या सापडेना. शेवटी ते माहेरच्या आडनावाने दुसऱ्याच केंद्राच्या यादीत मिळाले. २० नोव्हेंबर रोजी नातवाच्या मोटारसायकलवर मागे बसून त्या तेथे जाऊन आल्या. कोणाला मत दिले हे त्यांनी नातवालाही सांगितले नाही, अशी त्याने आमच्याकडे तक्रार केली.