वाऱ्याचा डोळा आणि शुद्धीवाद्यांची दृष्टी

परभाषेतला शब्द घरात आला की भाषा बाटते, ही समजूत आपल्याकडे अजूनही प्रतिष्ठा राखून आहे. ती बाळगणाऱ्यांनी खिडकीसाठीच्या एका लॅटिन शब्दाचा प्रवास जरूर पाहावा.

लॅटिन 'फेनेस्त्रा'पासून जर्मनचा 'फेन्स्टर', डचचा 'वेन्स्टर' आणि स्वीडिशचा 'फ्योन्स्तर' आला. जर्मानिक भाषांना स्वतःचे शब्द नव्हते असे मुळीच नाही. चौथ्या शतकातल्या गॉथिक बायबलात खिडकीला 'डोळा-दार' अशा अर्थाचा शब्द आहे. जुन्या नॉर्समध्ये 'विंडाउगा', म्हणजे वाऱ्याचा डोळा. पण रोमनांची बांधकामकला आली तेव्हा भिंत, कौल, चुना यांच्या लॅटिन नावांबरोबर खिडकीचेही नाव जर्मनमध्ये शिरले. त्याने जर्मन खुजी झाली काय?

फिलिप फॉन त्सेझेन (१६१९-१६८९) या जर्मन शुद्धीवाद्याच्या नावावर 'फेन्स्टर'ला 'टागेलॉइश्टर', म्हणजे दिवसाचा दीप, असा पर्याय सांगितला जातो. लोकांनी तो हसण्यावारी नेला. त्याच्याच नावावरचा 'आनश्रिफ्ट' (पत्ता) मात्र रुळला, आणि त्यामुळे 'आड्रेसं' हा परका शब्दही हद्दपार झाला नाही. आपल्याकडे सावरकरांचा 'दिनांक' आणि फारसीतून आलेली 'तारीख' अशाच शेजारी नांदतात. निवाडा बोलणाऱ्यांनी केला, कुळाने नव्हे.

आणि कूळ तरी कोणाचे शुद्ध? इंग्रजीत 'फेनेस्टर' सोळाव्या शतकापर्यंत वापरात होता; तो मागे पडून 'विंडो' उरला, तर तोही नॉर्सकडून घेतलेला! डॅनिशने 'विन्दुए' राखला, शेजारच्या स्वीडिशने लॅटिन शब्द घेतला. म्हणून डॅनिश सोवळी आणि स्वीडिश ओवळी, असे म्हणण्याचे धाडस कोण करील?

नवे शब्द घडवण्याला माझा विरोध नाही. विरोध आहे तो रुळलेला शब्द केवळ जन्मस्थान पाहून हाकलण्याला. शिकवणाऱ्यालाही उलगडू नये अशी परिभाषा रचायची, आणि मग मुले इंग्रजी माध्यमात गेली म्हणून हळहळायचे, हा शुद्धीवाद मराठीला महागात पडतो. ज्या विषयावर मराठीत बोलणेच थांबते, त्या विषयाचे अस्सल मराठी शब्द कोशात पडून राहिले तरी त्यांचा उपयोग काय?